‘जोखमीचं’ यकृत घ्यावं का, आणि घेतलं तर पुढची वर्षं कशी जातात?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील ५६ वर्षांचे. मधुमेह आणि फॅटी लिव्हरमधून सिरोसिस झालेला, मेल्ड स्कोअर (यकृताचा आजार किती गंभीर ते सांगणारा आकडा) २४, दर पंधरा दिवसांनी पोटातलं पाणी काढावं लागतं. पुण्यातल्या केंद्रात पाच महिन्यांपासून यादीत नाव आहे. घरातलं कुणी दाता म्हणून बसलं नाही, कारण भावाचा रक्तगट जुळत नाही आणि तुमच्या स्वतःच्या यकृतात चरबी निघाली. गेल्या आठवड्यात रात्री साडेबाराला फोन आला. दाता ६६ वर्षांचा, मेंदूतल्या रक्तस्रावाने ब्रेन डेड, यकृतात ‘थोडी चरबी’. तुम्ही नको म्हणालात. आता केंद्राने विचारलंय, की अशा यकृतांसाठी वेगळ्या संमतीपत्रावर सही करणार का. आणि तुमचा प्रश्न असा, की असं यकृत टिकतं तरी किती वर्षं, आणि त्या रात्री आमचं चुकलं का.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती वजनाने घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी सर्जन नाही. गेली १९ वर्षं सोलापुरात पोटाचे आणि यकृताचे पेशंट बघते. प्रत्यारोपण पुण्याला, मुंबईला किंवा हैदराबादला होतं. माझं काम त्याच्या आधीचं आणि त्याच्या नंतरचं. पाठवण्याआधी पोटातलं पाणी मी काढलेलं असतं, आणि तीन-चार महिन्यांनी पेशंट परत आला की त्याची टॅक्रोलिमसची (शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाची) रक्तातली लेव्हल, क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारा आकडा), शुगर हे सगळं मीच बघते, वर्षानुवर्षं. ऑपरेशन टेबलावरचं मला कमी कळतं. पण ‘पुढे काय होतं’ हा प्रश्न माझ्या ओपीडीतलाच आहे.

त्या रात्रीबद्दल आधी बोलू, कारण तुमच्या लिहिण्यात तेच जास्त डाचतंय असं वाटलं. झोपेतून उठून फोनवर चार वाक्यं ऐकायची आणि वीस मिनिटांत हो-नाही सांगायचं, यात नको म्हणणं हा काही गुन्हा नाही. तुम्हाला चरबी किती टक्के ते सांगितलं नव्हतं, यकृत किती तासांत पोचणार ते सांगितलं नव्हतं. हा निर्णय त्या रात्री घ्यायचाच नसतो. तो आत्ता, दिवसाउजेडी, कागद समोर ठेवून घ्यायचा असतो. म्हणून केंद्राने संमतीपत्राचं विचारलं ते बरं झालं.

आता खरा प्रश्न. तुम्ही मनात दोन यकृतं शेजारी ठेवता आहात: एक अपघातात गेलेल्या २५ वर्षांच्या मुलाचं, आणि एक ६६ वर्षांच्या माणसाचं, जरा चरबी असलेलं. अशी तुलना केली तर पहिलंच चांगलं, त्यासाठी डॉक्टरची गरज नाही. पण तुमच्यापुढे ही दोन यकृतं कधीच एका वेळी येणार नाहीत. तुमच्यापुढे निवड आहे ती आज मिळणारं जोखमीचं यकृत आणि आजचंच, वडिलांच्या पोटातलं, सुकत चाललेलं यकृत यांच्यात. ‘थांबू, चांगलं येईल’ म्हणता तेव्हा तुम्ही वडिलांच्या जुन्या यकृतावर आणखी काही महिने टाकत असता. त्या यकृताचा दर्जा किती, हे कुणी विचारत नाही.

मेल्ड स्कोअर त्यासाठीच काढतात. बिलिरुबिन (कावीळ किती ते), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) आणि क्रिएटिनिन यांवरून ६ ते ४० असा आकडा येतो. हल्ली त्यात सोडियमही धरतात. जुन्या अमेरिकी आकडेवारीत रुग्णालयात दाखल असलेल्यांपैकी, २० ते २९ स्कोअर असलेले साधारण पाचांतला एक तीन महिन्यांत दगावत होते. ३० च्या पुढे गेलं की निम्म्याहून थोडे जास्त. तुमच्या वडिलांचं सोडियम १२८ आहे असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा तो २४ सोडियम धरून आहे की सोडून, हे आधी विचारून घ्या. सोडून असेल तर खरी परिस्थिती त्या आकड्यापेक्षा वाईट आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. ज्याचा स्कोअर १० किंवा १२ आहे, जो चालतोफिरतो, त्याने जोखमीचं यकृत घेऊ नये. तिथे ऑपरेशनचा धोका आजाराच्या धोक्यापेक्षा मोठा होतो. अमेरिकेतल्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासांत हेच दिसलं, की स्कोअर वाढतो तसा जोखमीच्या यकृताचाही फायदा वाढत जातो आणि अगदी कमी स्कोअरवाल्यांना त्याने नुकसान होतं. म्हणून माझ्या एका पेशंटला मी सही करा म्हणते आणि त्याच दिवशी दुसऱ्याला थांबा म्हणते. अपवाद यकृतात गाठ असणाऱ्यांचा. त्यांचा स्कोअर कमी असतो, पण गाठ थांबत नाही, त्यामुळे तिथे हिशेब वेगळा लागतो.

‘जोखमीचं’ म्हणजे काय, ते आता सांगते. ‘खराब’, ‘कमी दर्जाचं’, ‘सेकंडहँड’ असले शब्द नातेवाइकांच्या तोंडी मी ऐकते आणि दर वेळी थांबवते. कुणाच्या तरी घरी त्या रात्री माणूस गेलेला असतो आणि त्या घराने रडत रडत हो म्हटलेलं असतं. डॉक्टर ‘मार्जिनल’ किंवा ‘एक्स्टेंडेड क्रायटेरिया’ म्हणतात. मी जोखमीचं म्हणते, कारण त्यात किती जोखीम हे मोजता येतं आणि ते मोजायलाच हवं.

त्यात वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्या सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत. दात्याचं वय ६० किंवा ६५ च्या वर. यकृतात मोठ्या थेंबांची चरबी. दात्याचं सोडियम १५५ च्या वर. आयसीयूत बरेच दिवस, बीपी टिकवायला जड औषधं. बर्फातला वेळ, म्हणजे यकृत काढल्यापासून लावेपर्यंतचा, लांबणं. दात्याच्या रक्तात हिपॅटायटिस बीच्या जुन्या संसर्गाची खूण. परदेशात आणखी एक मोठा प्रकार आहे, हृदय थांबल्यावर काढलेल्या यकृताचा. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर करतं, आणि मरणोत्तर दानातली जवळजवळ सगळी यकृतं अशाच दात्यांकडून, हृदय चालू असताना मिळतात. म्हणून परदेशी लेखांतली पित्तनलिकांच्या त्रासाची भीतिदायक टक्केवारी जशीच्या तशी स्वतःला लावून घेऊ नका; तिचा बराच भाग त्या दुसऱ्या प्रकारातून येतो.

वयाची भीती लोकांना सर्वांत जास्त वाटते आणि खरं तर तीच सर्वांत कमी वाटायला हवी. हृदय किंवा मूत्रपिंड जसं म्हातारं होतं तसं यकृत होत नाही. त्याच्या पेशी नव्याने तयार होत राहतात. इटली आणि स्पेनमध्ये ८० पार केलेल्या दात्यांची यकृतं नीट निवडून वापरली आणि ती चालली. वय दिसतं ते रक्तवाहिन्यांत. धमनीत चुना साचलेला असेल तर सर्जनला जोड देणं अवघड जातं. आणि म्हातारं यकृत बर्फातला वेळ कमी सोसतं. पूर्वी हिपॅटायटिस सी असलेल्यांना वयस्कर दात्याचं यकृत दिलं की काही वर्षांत त्यालाही सिरोसिस व्हायचा, त्यामुळे वयाचं नाव जास्त खराब झालं. २०१४ च्या सुमारास आलेल्या गोळ्यांनी सी बरा होऊ लागला आणि ते कारणच संपलं. तुमच्या वडिलांना तर सी नाहीच.

चरबीचं मात्र नीट समजून घ्या. ३० टक्क्यांपर्यंत मोठ्या थेंबांची चरबी असेल तर बाकी सगळं ठीक असताना बहुतेक सर्जन ते यकृत घेतात. ३० ते ६० हा पट्टा विचार करण्याचा. ६० च्या पुढे सहसा नाहीच. असं का? चरबीने फुगलेल्या पेशी शेजारच्या बारीक रक्तवाहिन्यांवर दाबतात. बर्फात ठेवल्यावर पेशींची ताकद आधीच ओसरलेली असते. मग नव्या शरीरात रक्त सोडलं की ते नीट सगळीकडे पोचत नाही आणि पेशी त्या धक्क्यातच मरतात. धोका हा त्या पहिल्या तासांचा आणि पहिल्या आठवड्याचा. तो आठवडा निघाला की शरीर ती चरबी काही आठवड्यांत वापरून संपवतं. नंतर बायोप्सी केली तर चरबी शोधावी लागते.

हे मी एकदा जवळून पाहिलं. सोलापुरातच एका रात्री अवयवदान होतं आणि पुण्याहून आलेल्या टीमसोबत मी ऑपरेशन थिएटरमध्ये उभी होते. सर्जनने पोट उघडल्यावर सुरी-कात्री बाजूला ठेवून यकृताची खालची कड दोन बोटांत धरली. चांगल्या यकृताची कड धारदार असते, चरबीच्या यकृताची गोलसर, जाड. मग अंगठ्याने वर दाबलं आणि अंगठा उचलून खळगा किती वेळ राहतो ते पाहिलं. रंग थोडा पिवळसर होता. थंड द्रावण सोडून आतलं रक्त धुतलं तसा तो फिका होत गेला, पण पूर्ण गेला नाही. त्यांनी हरभऱ्याएवढा तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवला. आमचे पॅथॉलॉजिस्ट घरून चपला घालून तसेच आले होते. पाऊण तासाने त्यांनी सांगितलं, २० ते २५ टक्के. तेव्हा कुठे बर्फाची पेटी बंद झाली आणि गाडी मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणमार्गे पुण्याकडे निघाली. अडीचशे किलोमीटरचा रस्ता, पोलिसांनी मोकळा केलेला.

हे सविस्तर सांगायचं कारण असं, की ‘थोडी चरबी’ हे दोन वेगळ्या गोष्टींचं नाव असू शकतं. सोनोग्राफीवर दिसलेली थोडी चरबी आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेली थोडी चरबी यांत फार अंतर असतं. सोनोग्राफीवर हलकी वाटलेली चरबी बायोप्सीत जास्त निघते, कधी कमीही निघते. पुढच्या वेळी फोन आला की पहिला प्रश्न हाच: चरबी डोळ्यांनी ठरवली की बायोप्सीवर? बायोप्सी व्हायची असेल तर ‘३० च्या आत आली तर हो’ असं अटीचं उत्तर देता येतं. टीमलाही ते सोयीचं पडतं.

दुसरा प्रश्न बर्फातल्या वेळाचा. साध्या बर्फाच्या पेटीत यकृत बारा तासांच्या आत लावायचं असतं. चरबीचं किंवा म्हाताऱ्या दात्याचं असेल तर आठच्या आत असावं असं सगळ्यांनाच वाटतं. पुण्यातल्याच दुसऱ्या रुग्णालयातून यायचं असेल तर हा प्रश्न उरत नाही. लांबून, विमानाने यायचं असेल तर उरतो. आणि इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: एकेकटी जोखीम सहसा सोसते, पण दोन-तीन एकत्र आल्या की बेरीज होत नाही, गुणाकार होतो. ६६ वय आणि २० टक्के चरबी आणि पाच तास, हे मी घेईन. ६६ वय, ४० टक्के चरबी आणि अकरा तास, हे मी माझ्या वडिलांसाठी घेणार नाही.

एक ढोबळ गणित सर्जन वापरतात: दात्याचं वय गुणिले रुग्णाचा मेल्ड. १६०० च्या पुढे गेलं की निकाल बिघडायला लागतात असं अमेरिकेतल्या आकड्यांवर दिसलं होतं. तुमचं ६६ गुणिले २४ म्हणजे १५८४. अगदी कडेवर. त्यात चरबी धरलेलीच नाही, तेव्हा या आकड्यावर सगळं सोडू नका. पण हेच बघा, की थांबता थांबता वडिलांचा स्कोअर ३० झाला तर त्याच दात्यासाठी गुणाकार १९८० होतो. म्हणजे आज सोसलं असतं ते यकृत त्या दिवशी सोसणार नाही. थांबण्याने फक्त वेळ जात नाही, पुढचे पर्यायही कमी होतात.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मंगळवेढ्याकडचे एक तलाठी माझे पेशंट होते, स्कोअर २६. रात्री अकराला त्यांच्या मुलीचा फोन आला: मॅडम, ६२ वर्षांच्या बाईचं यकृत आहे, काय करू? मी म्हणाले, थांबा, याहून चांगलं येईल. सात आठवड्यांनी त्यांच्या पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला, मूत्रपिंडं बसली, आणि ते ऑपरेशनच्या पलीकडे गेले. मुलगी मला आजही भेटते आणि एका शब्दाने काही बोलत नाही. तो सल्ला माझा होता. तेव्हा मी दात्याचं वय ऐकलं आणि पेशंटचा स्कोअर विसरले. अमेरिकेत २०१२ साली यादीवर असताना मरण पावलेल्यांचा एक अभ्यास झाला. त्यात बहुतेकांना आधी किमान एकदा तरी यकृत देऊ केलेलं होतं आणि ते नाकारलं गेलं होतं, असं निघालं. ते वाचलं तेव्हा मला हे तलाठी आठवले.

आता तुमचा मूळ प्रश्न, किती वर्षं. मोठ्या केंद्रांत सर्व प्रकारची यकृतं धरून एका वर्षानंतर साधारण ९० टक्के लोक आणि पाच वर्षांनंतर ७५ टक्क्यांच्या आसपास जिवंत असतात. जोखमीच्या यकृतांचा आलेख काढला तर तो पहिल्या तीन महिन्यांत जास्त खाली येतो. वर्ष उलटलं की दोन्ही रेघा जवळजवळ समांतर चालतात. थोडक्यात, या यकृताची जास्तीची किंमत बहुतेक करून सुरुवातीलाच मोजावी लागते. दहाव्या वर्षी अचानक बिल येत नाही.

सुरुवातीची ती किंमत काय असते? सर्वांत वाईट म्हणजे यकृत चालूच न होणं. हे क्वचित होतं, पण झालं तर काही दिवसांत दुसरं यकृत लागतं. त्यासाठी तातडीच्या यादीत प्राधान्य असतं, तरी यकृत वेळेत मिळेलच असं नाही. त्याखालोखाल म्हणजे यकृत उशिरा जागं होणं: सातव्या दिवशीही बिलिरुबिन १० च्या वर, आयएनआर १.६ च्या वर, किंवा पहिल्या आठवड्यात रक्तातली यकृताची एन्झाइम २००० च्या पुढे. बार्शी तालुक्यातले माझे एक पेशंट यातून गेले. बारा दिवस आयसीयू, डोळे हळदीसारखे. घरच्यांनी आशा सोडली होती. आता त्यांना नववं वर्ष चालू आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गोळ्या, झाकणाच्या आत चिकटवलेला सकाळ-रात्रीचा कागद, आणि मोबाइलवर आठचा गजर. तो डबा ते माझ्या टेबलावर ठेवतात आणि मी गोळ्या मोजते. त्यांना दिलेलं यकृत चरबीचं होतं, ही गोष्ट आता फक्त फायलीत उरली आहे.

वर्षाच्या पुढे जाणारा त्रास मुख्यतः पित्तनलिकांचा. त्यांना रक्त फक्त धमनीतून मिळतं, त्यामुळे थंडीचा आणि रक्त तुटण्याचा मार त्यांना जास्त बसतो आणि नंतर त्या आकसतात. अंगाला खाज, लघवी पिवळी, थंडी वाजून ताप, अहवालात अल्कलाइन फॉस्फेटेज चढत चाललेला. असं दिसलं की एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय), मग ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून) करून आकसलेल्या नलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी. माझ्या एका पेशंटबाईंना दीड वर्षात चारदा पुण्याला जावं लागलं. त्या आता बऱ्या आहेत, पण ते दीड वर्ष घराला जड गेलं, पैशानेही. सही करताना हे धरूनच करा.

यावर आता यंत्रं आली आहेत. यकृत नुसतं बर्फात न ठेवता त्यातून ऑक्सिजनचं द्रावण किंवा कोमट रक्त फिरवतात. युरोपात २०१८ साली २२० प्रत्यारोपणांवर झालेल्या अभ्यासात कोमट पद्धतीने यकृताची इजा निम्म्याने कमी झाली आणि टाकून द्यावी लागणारी यकृतंही निम्म्याने घटली, पण वर्षभराच्या जगण्यात फरक दिसला नाही. हृदय थांबल्यावर काढलेल्या यकृतांसाठी २०२१ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात थंड ऑक्सिजन पद्धतीने पित्तनलिकांचा त्रास १८ टक्क्यांवरून ६ वर आला. आपल्याकडे ही सोय मोजक्या केंद्रांत आहे. तुमच्या केंद्रात असेल तर चांगलंच, नसेल तर त्यासाठी अडून बसू नका.

पाच-दहा वर्षांच्या पल्ल्यावर माझे पेशंट कशाने अडचणीत येतात, तर हृदयाने, मूत्रपिंडाने, शुगरने, संसर्गाने, कॅन्सरने आणि गोळ्या चुकवण्याने. दात्याच्या वयाने येताना मी क्वचितच पाहिलेत. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तर हे जास्तच खरं, कारण त्यांचा मूळ आजार फॅटी लिव्हरचा आहे आणि तो नव्या यकृतातही परत येतो. दात्याची चरबी काही आठवड्यांत जाते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी सोनोग्राफीत जी चरबी दिसते ती तुमच्या घरच्या ताटातून आलेली असते. स्टेरॉइडने भूक वाढते, वजन चढतं, टॅक्रोलिमसने शुगर बिघडते, आणि ‘मरणाच्या दारातून आलेत, खाऊ द्या’ म्हणून घरचे वाढत राहतात. त्या ६६ वर्षांच्या दात्याची काळजी करायची ती एक वर्ष. वडिलांच्या वजनाची आणि शुगरची मात्र कायमची.

सोलापुरात राहून हे सांभाळता येतं का, असंही तुम्ही विचारलंय. येतं. टॅक्रोलिमसची लेव्हल सकाळची गोळी घेण्याआधी द्यायची, गोळी घेऊन लॅबला जायचं नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की माझ्या पेशंटचे क्रिएटिनिन चढतात, कारण पाणी कमी पडतं आणि टॅक्रोलिमस मूत्रपिंडावर आधीच ताण देत असतं. शेतावर, लग्नाला, उन्हात जायचं असेल तर पाण्याची बाटली सोबत हवी. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणायची नाही. कुठल्याही डॉक्टरने नवीन गोळी दिली तर आधी मला किंवा केंद्राला फोन: क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोलने लेव्हल चढते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने आणि फिटच्या फेनिटॉइनने इतकी पडते की शरीर यकृत नाकारतं. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद. गुळवेलीचा काढा बंद. कोविडच्या काळात गुळवेलीने यकृताला सूज आलेले पेशंट देशभरच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. तंबाखू आणि मावा कायमचा बंद, कारण प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला तोंडाचा कॅन्सर लवकर गाठतो. शेंगाचटणी चालेल, ताज्या शेंगांची, मीठ बेताने. आषाढीला पंढरपूर पहिल्या वर्षी नको. गर्दी आणि उघड्यावरचं पाणी दोन्ही नको.

नात्यातल्या दात्याचाही एकदा फेरविचार करा. तुमच्या यकृतात चरबी आहे म्हणून नाव काढलं, पण ती किती? वजन उतरवून दोन-तीन महिन्यांत दाते बसल्याचं मी पाहिलंय. दात्याला धोका असतोच. उजवा भाग देताना हजारात दोन ते पाच जणांच्या जिवावर बेततं असं धरतात, त्यामुळे घरातल्या कुणी दडपणाखाली पुढे होऊ नये. पण तुम्हाला मनापासून द्यायचं असेल तर आजपासून वजन उतरवायला लागा. फक्त त्या भरवशावर यादीतली सही लांबवू नका. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवता येतात.

माझं मत विचाराल तर २४ स्कोअर, १२८ सोडियम आणि दर पंधरवड्याला पाणी काढावं लागणं, या परिस्थितीत मी सही करा म्हणेन. मात्र त्याआधी सर्जनशी बसून मर्यादा ठरवा: चरबी बायोप्सीवर ३० च्या आत, बर्फातला वेळ आठ तासांच्या आत, वयाला मर्यादा नको. दात्याला हिपॅटायटिस बीची जुनी खूण असेल तर चालेल, पण मग वडिलांना एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिरची गोळी जन्मभर. बीची लस मात्र आत्ताच सुरू करून टाका, कधीच द्यायला हवी होती. अशा यकृतांची किती प्रत्यारोपणं त्या केंद्रात झाली आणि त्यांचं पहिलं वर्ष कसं गेलं, हे तोंडावर विचारा. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. वडिलांच्या हृदयाची तपासणी पाच महिन्यांपूर्वीची असेल तर ती पुन्हा करून घ्या, मधुमेह आहे त्यांना. हे माझं मत कागद न बघता दिलेलं आहे. केंद्राच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलंय, त्यांचं वेगळं असेल तर कारण विचारा आणि त्यांचं ऐका.

खर्चासाठी केंद्राच्या समाजसेवा विभागात मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज आणि धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटांची चौकशी आत्ताच करून ठेवा, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून ठेवा. ऑपरेशननंतर या धावपळीला घरात माणूस मोकळा नसतो.

आणि पुढच्या फोनची तयारी. दोन मोबाइल नंबर केंद्राकडे द्या, त्यातला एक असा की जो रात्री सायलेंट नसतो. गाडी आणि ड्रायव्हर आधीच बोलून ठेवा. रात्री पुण्याला पोचायला साडेचार-पाच तास धरा. फाइल, आधार कार्ड, चालू गोळ्या आणि वडिलांचा चष्मा एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा. फोन आल्या क्षणापासून त्यांना खायला-प्यायला काही द्यायचं नाही, पण शुगरची गोळी किंवा इन्सुलिन दिलेलं असेल तर तसं फोनवरच सांगा आणि वाटेत ग्लुकोमीटर जवळ असू द्या. कधी पोचल्यावर बायोप्सी खराब आली म्हणून परतही पाठवतात. माझ्या एका पेशंटचं दोनदा तसं झालं, तिसऱ्या वेळी यकृत मिळालं. तसं झालं तर सर्जननी नको म्हटलंय, हे वडिलांना गाडीत बसण्याआधी नीट समजावून सांगा, नाहीतर त्यांना वाटतं आपल्यातच काहीतरी बिघडलं.